मागची दहा बंदरं

पहाटे 5.00
उठल्या उठल्या मी समुद्राकडे नाही, फोनकडे बघतो. वेळणेश्वरला राहणाऱ्याने हे कबूल करताना खरं तर लाज वाटायला हवी. लोक इथला किनारा बघायला मुंबई-पुण्याहून येतात आणि मी अंथरुणातच कॅप्टनचा ईमेल वाचत असतो. पायलट कधी चढणार, पाणी किती टन लागणार, कुणाची दाढ दुखतेय. मी जहाजाच्या एजंटाकडे बोर्डिंग क्लार्क आहे. जहाज आणि सरकार यांच्यामध्ये जे कागद फिरतात, ते फिरवणारा माणूस.

5.40
मोटारसायकल काढायची, हेदवीवरून तवसाळ गाठायचं. कार्तिकातली थंडी हँडलवर जास्त लागते.

फेरीबोट
शास्त्री नदी समुद्राला मिळते तिथे अलीकडे तवसाळ, पलीकडे जयगड. तिथल्या बंदरावर माझं काम. मोटारसायकल बोटीत चढवली की दहा-पंधरा मिनिटं मी रिकामा. समोर जयगडचा किल्ला. विजापूरकरांनी बांधलेला, पुढे आंग्र्यांकडे आलेला, 1818 मध्ये इंग्रजांनी घेतलेला. आंग्र्यांच्या काळात या पाण्यातून जायचं तर त्यांचं दस्तक घ्यावं लागे. त्याआधी पोर्तुगीज तसाच परवाना देत, त्याला कार्ताझ म्हणत. ज्याच्याजवळ हा कागद नाही त्याचं गलबत धरलं जाई आणि मग वकील, पत्रं, तह. आमच्या धंद्याचे मूळपुरुष हे परवाने देणारेच, असं मी नव्या पोरांना सांगतो. दस्तक लिहिणारा कारकूनही कुणीतरी असणारच. त्याचं नाव कुठल्याच बखरीत नाही.

8.30
आजचं जहाज कोळशाचं, दक्षिण आफ्रिकेतल्या रिचर्ड्स बे बंदरातून आलेलं. त्याच्या फायलीतला मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटणारा कागद एका पानाचा आहे: मागची दहा बंदरं. जहाज शेवटच्या दहा ठिकाणी कुठे थांबलं, कधी आलं, कधी सुटलं, आणि तिथे सुरक्षेची पातळी एक होती, दोन होती की तीन.

हा नियम न्यूयॉर्कवरच्या हल्ल्यानंतर आला. 2002 च्या डिसेंबरमध्ये लंडनला आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेत देश बसले, आणि 1 जुलै 2004 पासून आयएसपीएस नावाची संहिता जगभर लागू झाली. जहाजावर सुरक्षा अधिकारी, बंदरावर सुरक्षा अधिकारी, दोघांचे मंजूर आराखडे. पण संहितेचा जीव त्या यादीत आहे. रिचर्ड्स बेच्या फाटकावर कोण उभं होतं, त्याने शिडीवरून वर जाणाऱ्याचं ओळखपत्र पाहिलं की नुसती मान डोलावली, हे जयगडला कळायला दुसरा मार्ग नाही. त्या देशाने आपलं बंदर नीट राखलं असेल यावर आपण विश्वास ठेवायचा, आणि आपण राखलं असेल यावर पुढच्याने. राजनैतिक सहकार्य म्हणतात ते एवढंच, बाकी फोटो.

अमेरिका मात्र नुसत्या विश्वासावर थांबत नाही. 2002 च्या कायद्याने तिथल्या तटरक्षक दलावर परदेशी बंदरं जाऊन पाहण्याची जबाबदारी टाकली. ज्या देशांची बंदरं त्यांना पुरेशी वाटत नाहीत त्यांची यादी ते जाहीर करतात. तुमच्या मागच्या पाच बंदरांत त्यातलं एखादं असेल तर अमेरिकेत शिरताना जादा पहारा, जादा नोंदी, जादा खर्च. 2011 च्या मे महिन्यात दिल्लीत तेव्हाचे गृहमंत्री पी. चिदंबरम आणि अमेरिकेच्या तेव्हाच्या गृहसुरक्षा मंत्री जॅनेट नापोलितानो यांनी दोन देशांचा गृहसुरक्षा संवाद सुरू केला, तेव्हा मी कॉलेजात होतो. ती बातमी वाचल्याचं मला आठवतही नाही. आज माझा पगार तिच्याच भाऊबंदांवर चालतो.

माझ्या पहिल्या वर्षातली एक चूक सांगतो. यादी टाइप करताना एका बंदराची सुटल्याची तारीख पुढच्या बंदरात पोचल्याच्या तारखेनंतरची पडली. म्हणजे कागदावर जहाज एकाच दिवशी दोन समुद्रांत. अर्धा दिवस खुलासे लिहीत बसलो. तेव्हापासून तारखांवर बोट ठेवून मोठ्याने वाचतो. ऑफिसातली पोरं हसतात, हसू देत.

11.15
जहाज धक्क्याला लागलं. शिडीच्या तोंडाशी फिलिपिनो खलाशी वही घेऊन उभा. मला तो दोन वर्षांत तिसऱ्यांदा भेटतोय, तरी माझं ओळखपत्र बघतो, नंबर लिहितो, बॅग उघडायला लावतो. राग येत नाही. ज्या जहाजावर मला नुसतं हसून आत सोडतात तिथे मी जरा सावध होतो.

वर कस्टम्स, इमिग्रेशन, कॅप्टनची कॉफी. क्रू लिस्ट आणि पासपोर्ट एकेक करून जुळवायचे, खलाशांना किनाऱ्यावर उतरण्यासाठी शोअर पास मागायचे. खलाशाच्या हातातलं नवं ओळखपत्रही एका कराराचंच फळ. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा 2003 चा 185 क्रमांकाचा करार भारताने 2015 मध्ये मान्य केला, आणि त्यानुसार आता चेहऱ्याच्या ओळखीवर चालणारं कार्ड मिळतं.

2.00
डबा. सुरमई. याबद्दल जास्त लिहायचं काही नाही, चांगली होती.

3.30
आज एक भारतीय खलाशी साइन ऑफ होतोय. नऊ महिन्यांनी घरी. त्याला गाडीत बसवून मुंबई विमानतळाकडे रवाना करायचं. जाताना मला विचारतो, "दादा, विमानतळावर परत सगळं उघडावं लागेल का?" लागेल. डिसेंबर 1999 मध्ये आयसी-814 विमानाचं अपहरण झालं आणि पुढच्या वर्षापासून विमानतळांची राखण सीआयएसएफकडे जाऊ लागली. तिथेही गोष्ट बंदरासारखीच. अमेरिकेला थेट विमान जातं त्या परदेशी विमानतळांची पाहणी अमेरिकेचे लोक येऊन करतात. त्यामागचा कायदा 1985 चा, टीडब्ल्यूए कंपनीचं विमान पळवलं गेल्यावर केलेला. दर अपहरणामागे एक कायदा आणि दर कायद्यामागे एक रांग. तो पोरगा रांगेत उभा राहील आणि त्यातलं काही त्याला माहीत नसेल. त्याच्या डोक्यात आईच्या हातचं जेवण.

7.30
परत वेळणेश्वर. दिवसभर फाटकं, पास, कॅमेरे यांत घालवून किनाऱ्यावर आलो की पहिल्यांदा जाणवतं ते हे की इथे फाटक नाही. नारळाची झाडं आणि मग थेट अरबी समुद्र. महाराष्ट्राचा एवढा लांब किनारा, त्यात आयएसपीएसची फाटकं किती?

शेजारचे काका जाळं सांधत बसलेले. "काय रे, आज कुठलं जहाज?"

"आफ्रिकेचं, काका."

"तुझ्या जहाजाला दहा बंदरं विचारतात. आमाला एकच विचारतात, कार्ड कुठे."

कार्ड म्हणजे मच्छीमारांचं बायोमेट्रिक ओळखपत्र. 26/11 ला आलेले दहा जण पोरबंदरची कुबेर ही मासेमारी बोट पळवून आले होते, तेव्हापासूनची ही व्यवस्था. काका वैतागतात, पण कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळून ठेवतात. किनारा सुरक्षेचा सागर कवच सराव असला की अनोळखी होडी दिसल्यावर पोलिसांना कळवणाऱ्यांत तेच पुढे.

मग विषय नेहमीचा, हरिहरेश्वरच्या बोटीचा. 18 ऑगस्ट 2022, दहीहंडीचा आदला दिवस. किनाऱ्यावर बेवारस बोट आणि आत तीन एके-47. आमच्याकडेही नाकाबंदी लागली. संध्याकाळपर्यंत विधानसभेत तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी उलगडा केला: बोट एका ऑस्ट्रेलियन महिलेच्या मालकीची, मस्कतहून युरोपला निघालेली, जूनमध्ये इंजिन बंद पडलं, माणसांना कोरियाच्या युद्धनौकेने वाचवून ओमानच्या हवाली केलं, आणि रिकामी बोट वाहत वाहत इकडे. ओमान, कोरिया, ऑस्ट्रेलिया. या तीन देशांशी धागा जुळला म्हणून एका दिवसात भीती उतरली. काकांचा प्रश्न मात्र अजून शिल्लक आहे: "जूनपासून ऑगस्टपर्यंत पाण्यावर होती ना ती? मग कुणालाच कशी नाही दिसली?" गुरुग्राममध्ये 2018 पासून नौदलाचं माहिती केंद्र आहे, तिथे मित्रदेशांचे अधिकारी एकत्र बसून हिंदी महासागरातल्या जहाजांवर नजर ठेवतात, असं मी सांगून पाहिलं. पण त्या पडद्यावर दिसतं ते मुख्यतः स्वतःची खूण पाठवत फिरणारं जहाज. इंजिन बंद पडलेली, माणूस नसलेली बोट खूण कुठून पाठवणार? काकांनी सुई दाताने धरली आणि मान हलवली. या बाबतीत मी त्यांच्या बाजूचा आहे.

अनोळखी होडी दिसली तर तटरक्षक दलाचा नंबर 1554, सागरी पोलिसांचा 1093. सुट्टीला येणाऱ्यांनीही फोनमध्ये घालून ठेवावेत.

10.20
झोपण्याआधी शेवटचा ईमेल. कोळसा उतरायला अजून दोन दिवस, मग जहाज सुटेल. कॅप्टनने पुढच्या बंदरासाठीची यादी तपासायला पाठवली आहे. सगळ्यांत जुनं दहावं बंदर खाली गळून गेलंय आणि वर एक नवी ओळ आलीय: जयगड, पातळी एक. सुटल्याची तारीख रिकामी आहे, ती परवा मी भरणार.