माळव्यातली गरोदर सून आणि मासा

देवास-धारच्या आमच्या मराठी घरांत बाई गरोदर राहिली की ताटातला मासा सगळ्यात आधी जातो. पवारांच्या राज्यांबरोबर इथे आलेली, पिढ्यान्‌पिढ्या मटण-मासे खाणारी घरंसुद्धा याला अपवाद नाहीत. मी रत्नागिरीहून लग्न होऊन देवासला आले. आता सून सातव्या महिन्यात आहे, आणि शेजारच्या काकू काळजीनं सांगून गेल्या, "बाळंतपण होईस्तोवर मासा नकोच गं." मला हे पटत नाही. माशातली प्रथिनं, आयोडीन, ब-१२ आणि डीएचए हे मेदाम्ल बाळाच्या मेंदूला हवं असतं. सरसकट बंदी घालून आपण त्याचंच नुकसान करतो.

भीती खरी आहे ती पाऱ्याची. पाण्यातले जिवाणू पाऱ्याचं मिथाइल मर्क्युरी करतात. ते सूक्ष्म जीवांतून छोट्या माशात आणि छोट्यांना गिळणाऱ्या मोठ्यांत चढत जातं. मासा जितका मोठा, म्हातारा आणि शिकारी, तितका साठा जास्त. मांसातच मुरलेलं असल्यामुळे धुऊन, तळून ते जात नाही, आणि वारेतून थेट बाळापर्यंत पोचतं. जपानच्या मिनामाता गावात १९५६ साली अशा पाऱ्याच्या विषबाधेचा आजार उघड झाला. चिस्सो कंपनीच्या कारखान्यातून खाडीत गेलेला पारा माशांवाटे लोकांच्या पोटात गेला होता. ज्या आयांना स्वतःला फारसा त्रास नव्हता, त्यांचीही काही मुलं मेंदूला जबर इजा होऊन जन्मली.

आमच्या बाजारात रोहू, कतला, मृगळ हेच जास्त, बहुतेक तळ्यात वाढवलेले. कतला वरच्या थरातले सूक्ष्म जीव खातो, रोहू मुख्यतः वनस्पती, मृगळ तळाचं कुजकं. शिकारी यातला कुणीच नाही, आणि पारा साठण्याइतकं वय होण्याआधीच ते विकले जातात. गरोदर बाईला हे खुशाल द्यावेत. नर्मदेतला, म्हणजे धरमपुरी-नेमावरकडचा मोठा पढिन मात्र शिकारी. तो मी सुनेसाठी घेत नाही. कारखान्याचं पाणी मिसळणाऱ्या नाल्या-तलावातला मासाही नाही.

डीएचए रोहूपेक्षा बांगडा-तारलीत जास्त. बर्फातून आलेले हे छोटे समुद्री मासे चांगले मिळाले तर जरूर घ्यावेत. मोरी, म्हणजे शार्क, मोठा शिकारी, म्हणून नको. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं टाळायला सांगितलेला किंग मॅकरेल सुरमईच्याच कुळातला, म्हणून आमच्याकडे मोठी सुरमईही बाळ अंगावर पितंय तोवर थांबेल. त्या प्रशासनाच्याच सल्ल्यानुसार गरोदर बाईनं कमी पाऱ्याचे मासे आठवड्याला २२५ ते ३४० ग्रॅम खावेत.

मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट नद्या-जलाशयांतली मासेमारी बंद असते. तेव्हा लांबून आलेला माल जास्त, म्हणून कल्ले उघडून बघायचे: लालभडक हवेत, आणि बोटानं दाबलेलं मांस पुन्हा वर यायला हवं. अर्धकच्चा मासा नकोच. लिस्टेरियासारखे जंतू गर्भाला घातक. मांसाचे पापुद्रे सुटेपर्यंत शिजवायचा.

बाळ सहा महिन्यांचं झालं, वरचं खाऊ लागलं की मासाही चालतो. रोहूच्या शेपटीकडे बारीक दुफाट्याचे काटे फार, म्हणून बाळाला पोटाकडचा तुकडा, तोही बोटांनी कुस्करून, चाचपून. पहिल्यांदा चिमूटभरच, दिवसाउजेडी. अंगावर पित्ताच्या गांधी उठल्या, ओठ सुजले किंवा श्वास लागला तर वाट न बघता दवाखाना. एक ते तीन वर्षांच्या मुलाला आठवड्यातून दोनदा, एका वेळी तीसेक ग्रॅम पुरे.