बाजारातल्या बायकांनी वैर मिटवले

दुष्काळ पडला की जनावरांबरोबर माणसांतली मायाही आटते, हे दुष्काळ सोसलेल्या घरांना वेगळे सांगायला नको. आफ्रिकेतल्या केनिया देशात असेच घडले. या देशाच्या ईशान्येला वाजीर नावाचा मुलूख आहे. एका अंगाला सोमालिया, दुसऱ्या अंगाला इथिओपिया. पाऊस थोडा, जमीन कोरडी. उंट, गाई, शेळ्या-मेंढ्या हीच लोकांची दौलत. वस्ती सोमाली लोकांची. धर्म एक, भाषा एक, पण कुळे निरनिराळी. अजुरान, देगोदिया आणि ओगादेन ही त्यांतली मोठी कुळे.

1991-92 च्या दुष्काळात जनावरे पटापट मेली. पाण्यावरून व चराईवरून तंटे वाढले. त्यातच 1991 साली सोमालियाचे सरकार कोसळले आणि तिकडच्या बंदुका सरहद्द ओलांडून आल्या. 1992 च्या निवडणुकीने कुळाकुळांतली चुरस आणखी पेटवली. पूर्वी काठीने होणारे भांडण आता गोळीने होऊ लागले. कळप पळवले गेले, माणसे मेली. गावच्या बाजारातही एका कुळाची बाई दुसऱ्या कुळाच्या बाईशी देवघेव करीना.

पलंगाखालची रात्र

देखा इब्राहिम अब्दी ही तिथलीच एक तरुण आई. गोळीबार सुरू झाला तेव्हा ती आपल्या लेकराला घेऊन पलंगाखाली लपली. तेव्हा तिच्या आईने सांगितले, "तू लहान होतीस तेव्हा मीही तुला घेऊन अशीच लपले होते." हे ऐकून देखाच्या मनाने घेतले, की हा वारसा आपल्या लेकीच्या पदरात पडू द्यायचा नाही.

1993 साली एका लग्नाला निरनिराळ्या कुळांच्या बायका जमल्या. लग्नात एकत्र बसता येते, तर बाजारात का नाही? एवढ्या साध्या प्रश्नावरून बोलणे सुरू झाले. त्यांनी ठरवले, की कोणत्याही कुळाच्या बाईला बाजारात मोकळेपणाने विकता-घेता आले पाहिजे. त्यावर नजर ठेवायला बाजारातल्याच बायकांची समिती नेमली. कुठे कुरबूर झाली, की समिती तिथे जाऊन समजूत घाली. बाजार शांत झाला.

थोरांची बैठक

पण बंदुका पुरुषांच्या हाती होत्या. म्हणून बायका कुळांतल्या थोरांकडे गेल्या. बैठक बोलवायची कोणी? मोठ्या कुळातल्या कोणी बोलावले असते, तर बाकीच्यांना संशय आला असता. तेव्हा भांडणात न पडलेल्या लहान कुळांच्या वडीलधाऱ्यांनी पुढाकार घेतला. ज्याचा स्वतःचा स्वार्थ नाही, त्याच्या शब्दाला वजन येते. बरीच बोलणी झाल्यावर सप्टेंबर 1993 मध्ये 'अल-फताह' नावाचा करार झाला. यापुढे कुळांनी एकमेकांशी कसे वागायचे, याचे नियम त्यात घालून दिले.

नुसत्या करारावर विसंबून ते बसले नाहीत. तरुणांना सोबत घेतले. कुठे चोरी किंवा खून झाल्याची बातमी आली, की वडीलधारे, बायका, धर्मगुरू आणि सरकारी माणसे मिळून तातडीने जागेवर जात. सूडाची आग भडकण्याआधीच दोन्ही बाजूंशी बोलत. 1995 मध्ये या कामाला सरकारी जिल्हा समितीत जागा मिळाली.

पुढे काय झाले?

डिसेंबर 2007 च्या निवडणुकीनंतर साऱ्या केनियात दंगली उसळल्या, हजारावर माणसे गेली. कोफी अन्नान यांनी दोन्ही पुढाऱ्यांना समोरासमोर बसवले आणि 28 फेब्रुवारी 2008 रोजी समेट झाला. त्या कठीण दिवसांत देखाही शांततेसाठी झटणाऱ्या नागरिकांत होती. 2007 सालीच तिला 'राइट लाइव्हलीहूड' हा जागतिक सन्मान मिळाला होता. 2011 मध्ये मोटार अपघातानंतर तिचा अंत झाला.

वाजीरमधली भांडणे कायमची संपली असे मात्र नाही. 2014 साली गर्रे आणि देगोदिया कुळांत पुन्हा रक्त सांडले. शांतता ही विहिरीसारखी आहे. एकदा खणली म्हणून भागत नाही, गाळ वरचेवर उपसावा लागतो. पण वाजीरच्या बायकांनी एक गोष्ट दाखवून दिली. समेटाची सुरुवात करायला अधिकार, पैसा किंवा मोठे शिक्षण लागतेच असे नाही. ज्याच्याशी बोलणे बंद आहे, त्याच्या दाराशी आधी कोणी जायचे, एवढाच प्रश्न असतो. तिथे त्या बायका आधी गेल्या.