सापसंद, तांबडे फुलपाखरू आणि कर्करोग

कीटकाचा रंग, तो ज्या वनस्पतीवर पोसला जातो तिची रसायने आणि मनुष्याचा कर्करोग यांचा परस्परसंबंध असू शकेल काय, हा प्रश्न प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटतो. सापसंद या वेलीच्या उदाहरणाने तो पुष्कळसा उलगडतो. आणि त्यात नावांचाही भाग असल्याने भाषाभ्यासकाने त्यात लक्ष घालणे अप्रस्तुत ठरू नये.

सापसंद ज्या प्रजातीत मोडते त्या ॲरिस्टोलोकियाच्या वनस्पतींत ॲरिस्टोलोकिक आम्ले असतात. 'कॉमन रोज' या काळ्या-तांबड्या फुलपाखराची अळी हीच पाने खाते व आम्ले अंगात साठविते. ती पुढे फुलपाखरातही उतरतात. पक्षी सहसा त्याच्या वाटेस जात नाहीत. तेव्हा तांबडा रंग या आम्लांपासूनच उत्पन्न होत असावा, असा तर्क सहज सुचतो. परंतु तो टिकत नाही. लिंबावर व कढीलिंबावर वाढणाऱ्या 'कॉमन मॉर्मन' फुलपाखराच्या काही माद्या हुबेहूब तेच रूप धारण करतात, आणि त्यांच्या अंगी हे विष मुळीच नसते. रंग हा विषाचा परिणाम नव्हे, संकेत होय. आणि कोणत्याही संकेताप्रमाणे तो खोटाही वापरता येतो.

मनुष्याशी संबंध येतो तो केवळ आम्लाचा. शरीरात रूपांतर पावून ते डीएनएमधील ॲडेनीनला जखडते, आणि पेशीविभाजनात त्या जागी थायमीन येऊन बसते. मूत्रमार्गाच्या कर्करोगात हा बदल इतक्या ठळकपणे उमटतो की त्यावरून मूळ कारण ओळखता येते.

येथे नावाने घात केला. ब्रुसेल्समध्ये वजन घटविण्याच्या औषधात 'फांग-ची' ही चिनी वनस्पती घालावयाची होती. या नावाखाली दोन निरनिराळ्या वनस्पती वावरतात. स्टेफानियाच्या जागी ॲरिस्टोलोकिया आली. तेथील तरुण स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाल्याचे वृत्त १९९३ साली वैद्यकीय जगापुढे आले. २००० साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, मूत्रपिंडे व मूत्रवाहिन्या काढून टाकलेल्या ३९ रुग्णांपैकी १८ जणांत कर्करोग आढळला.

ग्रीक नावाचा अर्थही 'बाळंतपणास उत्तम' असा; आपल्या सापसंदेतील साप सर्पदंशावरील उताऱ्याच्या समजुतीकडे बोट दाखवितो. दोन्ही नावे गुणच गातात. ॲरिस्टोलोकियायुक्त औषधी मनुष्यात कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००२ साली नमूद केले.