वादकांच्या गर्दीत बसून

३ एप्रिल १९६६. फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या रॉयाँ गावात संगीतकार यानिस झेनाकिसची 'तेरेतेक्तोर' ही रचना पहिल्यांदा वाजली. समोर रंगमंच नव्हताच. ८८ वादक श्रोत्यांमध्येच विखरून बसले होते, म्हणजे एखाद्याच्या उजव्या हाताला व्हायोलिन आणि पाठीशी ट्रॉम्बोन. मधोमध उभे होते वृंदसंचालक हर्मन शेर्खेन. प्रत्येक वादकाकडे त्याच्या वाद्याखेरीज आणखी चार वस्तू होत्या: लाकडी ठोकळा, खुळखुळा, चाबकासारखा फटकारा देणाऱ्या पट्ट्या आणि तोंडाने फुंकायचा छोटा सायरन. आवाज एका वादकाकडून शेजारच्याकडे, तिथून पुढच्याकडे असा श्रोत्यांभोवती फिरू लागतो. आणि सगळे खुळखुळे एका बाजूने जागे होत गेले, की माळावरून पावसाची सर अंगावर चालून यावी तसं होतं.

सूर कोणता आणि किती वेळ, हेच तोवर बहुतेक वेळा लिहिलं जायचं. झेनाकिसने सूर कुठून कुठे जाईल हेही लिहिलं. व्हेनिसच्या सेंट मार्क चर्चमध्ये सोळाव्या शतकातच समोरासमोरच्या सज्जांतून गायक-वादक एकमेकांना उत्तरं देत, हे खरं. पण ते अंतर त्या वास्तूनेच दिलेलं होतं. इथे ते रचलेलं आहे.

याचं मूळ मला अथेन्समध्ये दिसतं. दुसऱ्या महायुद्धात झेनाकिस तिथल्या प्रतिकार चळवळीत होता. मोर्चाच्या तोंडाशी उठलेली घोषणा लाटेसारखी शेपटापर्यंत जाते, तोवर पुढे दुसरी सुरू झालेली असते. लांबलचक दिंडीत चाललेल्याला हे वेगळं सांगायला नको. मग गोळीबार होतो, घोषणांची लय फुटते, आणि उरते शांतता. हे सारं त्याने पुढे लिहून ठेवलं. अथेन्सच्या लढाईत तोफगोळ्याने त्याचा डावा डोळा गेला. १९४७ मध्ये तो पॅरिसला निसटला आणि वास्तुकार ल कॉर्ब्युझिए यांच्या कचेरीत लागला. १९५८ च्या ब्रुसेल्स प्रदर्शनातल्या फिलिप्स दालनाच्या वळणदार भिंती त्याच्याच हातच्या. आत एडगार व्हारेझ यांचं आठ मिनिटांचं ध्वनिमुद्रित संगीत तीनशेहून अधिक ध्वनिवर्धकांतून भिंतींवरून धावायचं. दोन खेळांच्या मधे वाजे ती झेनाकिसची छोटी रचना. ती केलेली होती जळत्या कोळशाच्या तडतडीतून.

ध्वनिमुद्रण ऐकताना मात्र आवाजाचं हे फिरणं दोन स्पीकरांच्या मधे चपटं होऊन जातं. याची मला खरोखर खंत वाटते. या संगीतात शेजारी बसलेल्या दोघांनाही तीच रचना तशीच ऐकू येत नाही, आणि तेच तर त्याचं वैभव.

१९६९ मध्ये इराणच्या पर्सेपोलिसच्या प्राचीन अवशेषांमध्ये झेनाकिसची 'पर्सेफासा' सादर झाली. वादक अवघे सहा, श्रोत्यांभोवती षट्कोनात. कातडं, लाकूड, धातू, दगड अशी वेगवेगळ्या जातींची वाद्यं त्यांच्यापाशी. शेवटाकडे ठोके एकाकडून दुसऱ्याकडे गोल फिरू लागतात, एक आवर्तन उजवीकडून, दुसरं डावीकडून, एकावर एक, लय चढत जाते. आवाजाच्या दिशेने मान वळवावी, तोवर ठोका पुढच्या वादकाकडे गेलेला असतो.