जास्तीचं व्याज कशाचं मिळतं?

आपल्या कार्यक्रमात हल्ली एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. मोबाइलवर ११-१२ टक्के व्याजाच्या रोख्यांची जाहिरात दिसते, बँक तर एवढं देत नाही, मग घ्यावेत का? हा प्रश्न आत्ताच का येऊ लागला, त्याला कारण आहे. कंपन्यांचे बरेचसे रोखे पूर्वी किमान एक लाखाला मिळायचे. सेबीने २०२४ मध्ये नियम बदलला आणि त्यातले काही दहा हजारांना मिळू लागले. एवढी रक्कम आपल्यापैकी कितीतरी जणींकडे साठलेली असते.

रोखा म्हणजे कर्जाची चिठ्ठी. ती घेतली की सावकार आपण, आणि कर्जदार ती कंपनी किंवा ते सरकार. बचत गटात कर्ज मंजूर करताना आपण काय बघतो? बाई परत करील का, आणि किती दिवसांत. जगाच्या बाजारातही हेच दोन प्रश्न आहेत. २०१७ सालचे दोन रोखे बघू. दोन्ही शंभर वर्षांचे!

पहिला अर्जेंटिनाचा. जूनमध्ये या देशाने २७५ कोटी डॉलर उचलले, व्याज सव्वासात टक्क्यांच्या आसपास. शंभराचा रोखा नव्वदच्या घरात विकला गेला, म्हणून घेणाऱ्याला प्रत्यक्षात जवळजवळ आठ टक्के पडत होते. या देशाने आधीही अनेकदा कर्ज थकवलेलं. २००१ सालचं प्रकरण तर जगभर गाजलं होतं. शिवाय कमाई पेसोमध्ये आणि फेड डॉलरमध्ये. पेसो घसरला की तेच कर्ज डोईजड होतं. तरी घेणाऱ्यांची रांग लागली. तीनच वर्षांत, मे २०२० मध्ये, देशाने व्याज थकवलं. ऑगस्टमध्ये तडजोड झाली, तेव्हा डॉलरमागे साधारण ५५ सेंटांचं मोल पदरात पडतंय असा हिशेब मांडला गेला.

दुसरा ऑस्ट्रियाचा, सप्टेंबरातला, व्याज फक्त २.१ टक्के. घर खानदानी, पैसे बुडण्याची भीती जवळजवळ नाही. तोटा इथेही झाला, पण वेगळ्या वाटेने. २०२२ पासून युरोपात व्याजदर झपाट्याने वाढले. समजा, तुमच्या शंभराच्या कागदावर वर्षाला दोन रुपये मिळतात आणि बाजारात नवा कागद चार रुपये देतोय. तुमचा जुना कागद शंभराला कोण घेईल? एक वर्ष उरलं असेल तर ९८ मिळतील, दहा वर्षं उरली असतील तर ८४, आणि शंभर वर्षं असतील तर जेमतेम ५१. ऑस्ट्रियाने २०२० मध्ये ०.८५ टक्क्याचा आणखी एक शंभर वर्षांचा रोखा काढला होता. त्याचा भाव पुढे निम्म्याहून खाली आला. देशाने एकही हप्ता चुकवला नाही, तरीही. मुदत संपेपर्यंत थांबणाऱ्याला मुद्दल पूर्ण मिळेल हे खरं, पण शंभर वर्षं थांबणार कोण?

आता जास्तीच्या व्याजाचा हिशेब. सरकार ७ टक्के देतं, एखादी कंपनी ११. वरचे चार रुपये म्हणजे बुडण्याच्या धोक्याचं भाडं. शंभर कंपन्यांना शंभर-शंभर रुपये दिले आणि वर्षात चार पार बुडाल्या, तर उरलेल्या ९६ जणींकडून १०,६५६ रुपये येतात. सगळे सरकारला दिले असते तर १०,७०० आले असते. म्हणजे जास्तीचं सगळं गेलं, वर थोडं गाठचंही. मोठे फंड असे शेकडो रोखे घेऊन बसतात, म्हणून त्यांना हे झेपतं. आपल्याकडे दहा हजारांचा एकच कागद असतो. त्याला सरासरी नसते.

आणखी एक गोष्ट जाहिरातीत बारीक अक्षरांत असते: कंपनी बुडाली तर आधी कोणाचं देणं फिटणार? मार्च २०२० मध्ये येस बँकेचे ८,४१५ कोटींचे 'एटी-वन' रोखे शून्य झाले. शेअर मात्र राहिले. अशा रोख्याला ठरलेली मुदत नसते, बँक व्याज चुकवू शकते आणि बँक संकटात आली तर मुद्दलही पुसलं जाऊ शकतं; व्याज म्हणूनच जास्त होतं. हे धोके नीट न सांगता ते साध्या ग्राहकांना विकले, असा ठपका ठेवून सेबीने २०२१ मध्ये बँकेला २५ कोटींचा दंड केला. बँक अपिलात गेली, रोख्यांचा वाद कोर्टात गेला.

बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे, रोख्याला ते नाही. कागदावर 'एए' किंवा 'ट्रिपल बी' असं पतमानांकन छापलेलं असतं. ते म्हणजे एका संस्थेचं आजचं मत, उद्या ते खाली येऊ शकतं. म्हणून विकणाऱ्याला विचारा: तारण काय आहे, पैसे परत कधी, आणि मधेच मुलीच्या फीसाठी लागले तर हा कागद घेणार कोण? या शेवटच्या प्रश्नावर बरेच विक्रेते विषय बदलतात. सरकारी रोखेच हवे असतील तर रिझर्व्ह बँकेच्या 'रिटेल डायरेक्ट' खात्यातून ते थेट घेता येतात. खातं उघडायला पैसे लागत नाहीत.