घाटापलीकडचे शेजारी

इंडोनेशियातील सुलावेसी बेटाच्या डोंगरांत तोराजा नावाचा समाज राहतो. त्यांच्या घरातील माणूस निवर्तला, तरी अंत्यविधी होईपर्यंत तो मृत मानला जात नाही. तो केवळ आजारी असतो. त्याला घरातच ठेवतात, त्याच्यापुढे जेवण मांडतात, त्याच्याशी बोलतात. विधीसाठी रेडे हवेत, दूरचे आप्त जमायला हवेत. तेवढी ऐपत येईपर्यंत महिने जातात, कधी वर्षेही लोटतात. प्रतिष्ठित घराण्यांत मृताची लाकडी प्रतिमा कोरून ती उंच कड्यावरील सज्जात उभी करतात. बहुतेक तोराजा आज ख्रिस्ती आहेत. तरी ही रीत त्यांनी टाकलेली नाही.

अशी वर्णने वाचून आपण थक्क होतो. परंतु असे काही पाहण्यासाठी समुद्र ओलांडण्याचे कारण नाही. आमच्या बोरगावाहून निघून सिल्लेवानीचा घाट चढावा आणि सातपुड्याच्या आत आत जात राहावे. छिंदवाडा, बैतूल, खंडवा आणि खाली मेळघाट, एवढ्या मुलखात कोरकू समाज पसरला आहे. आपला पहिला पूर्वज मुला आणि पूर्वजा मुलाई यांना महादेवाने वारुळाच्या मातीतून घडविले, अशी त्यांची श्रद्धा आहे.

कोरकूंमध्ये मृताला बहुधा पुरतात. पण तेवढ्याने वारसांचे कर्तव्य संपत नाही. पुढे सवडीने, घरात चार दाणे आले म्हणजे, 'सिडोली' नावाचा विधी करतात. त्यासाठी लाकडाची फळी घेऊन तिच्यावर चंद्र, सूर्य आणि घोडेस्वार कोरतात. या स्मृतिफलकाला 'मुंडा' म्हणतात. तो झाडाखाली पूर्वजांच्या ओळीत उभा राहिला, म्हणजे मृतात्मा पितरांत मिळाला असे मानतात. विधीला विलंब झाला म्हणून ऋण बुडत नाही. गरिबाच्या घरचा मृत वाट पाहतो, आणि जिवंत माणसे त्याला विसरत नाहीत. यातील शहाणपण आपण ध्यानी घेण्याजोगे आहे.

या साम्यावरून दोन्ही समाज एकाच मुळाचे ठरत नाहीत. इंडोनेशियातील बहुतेक भाषा ऑस्ट्रोनेशियन कुळातील आहेत. कोरकू ही मुंडा गटातील, म्हणजे ऑस्ट्रो-आशियाई कुळातील. संथाली, खासी आणि थेट कंबोडियाची ख्मेर या तिच्या बहिणी. त्या विस्तीर्ण कुळाचे पश्चिमेकडील अखेरचे टोक म्हणजे आपल्या शेजारची ही बोली. 'कोरकू' या शब्दाचा अर्थही साधाच: माणसे.

२०११ च्या जनगणनेत कोरकू मातृभाषा सांगणारे सुमारे सव्वासात लाख लोक होते. आकडा लहान नाही. परंतु या भाषेला आठव्या अनुसूचीत स्थान नाही. तिच्या बहिणीला, संथालीला, ते २००३ च्या घटनादुरुस्तीने मिळाले. कोरकू मूल शाळेत पाऊल टाकते तेव्हा डोंगराच्या एका बाजूस हिंदी पुस्तक हाती येते, दुसऱ्या बाजूस मराठी. घरची भाषा उंबऱ्यातच राहते. ते मूल गप्प बसले की गुरुजी त्याला मंद म्हणून मोकळे होतात.

हे दुःख आम्हा सौंसर-पांढुर्ण्याच्या मराठी माणसांना कोणी समजावून सांगावयास नको. १९५६ साली विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. घरात मराठी, कचेरीत हिंदी, हा आमचा नित्याचा अनुभव. त्याच वर्षीच्या सातव्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत ३५०-अ हे कलम आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे, असे ते सांगते. त्या कलमाचा आधार आपण मराठीसाठी घेतो, आणि ते योग्यच आहे. मात्र त्याच्या छायेत कोरकूलाही जागा आहे, हे आपल्या बोलण्यात क्वचितच येते.

इंडोनेशियात तेराशेहून अधिक जनसमूह आणि सातशेहून अधिक भाषा आहेत. तेथील तरुणांनी १९२८ साली राष्ट्रभाषेचा संकल्प केला, तेव्हा संख्येने सर्वांत मोठी असलेली जावानी न निवडता व्यापारउदिमातील मलाय स्वीकारली. बहुसंख्याकांनी स्वतःचा आग्रह आवरला, म्हणून ती भाषा सर्वांची झाली. तरीही लहान भाषा तेथे झिजतच आहेत. एक सामायिक भाषा मिळाली, एवढ्याने घरची बोली वाचत नाही. ती वर्गात आणि बाजारातही कानी पडावी लागते.

मुंडा कोरणारे हात उद्याही असतील. मात्र त्या विधीची गाणी ज्या भाषेत आहेत ती नातवाला कळेनाशी झाली, तर फळीवर केवळ नक्षी उरेल आणि पितर परके होतील. म्हणून डोंगराच्या कोणत्याही अंगाच्या शाळेत कोरकू मूल आले, तर गुरुजींनी त्याच्याकडून रोज एक शब्द शिकावा. कोरकूत पाण्याला 'डा' म्हणतात. आरंभ तेथून करावा. तहानलेल्या मुलाला तेवढा शब्द पुरतो.