अर्धे बोललेले वाक्य

पती-पत्नींत खटका उडाला की आपण स्वभावाला दोष देतो. तो तापट आहे, ती हट्टी आहे, असे म्हणून मोकळे होतो. परंतु पुष्कळ वेळा दोष स्वभावाचा नसून वाक्याचा असतो. आणि तेही अर्ध्याच बोललेल्या वाक्याचा.

साधे उदाहरण घ्या. आपल्या भाषेत होऊन गेलेला दिवसही ‘परवा’ आणि येणारा दिवसही ‘परवा’. ‘परवा भरले’ किंवा ‘परवा भरीन’ असे पुरते बोलले म्हणजे घोटाळा होत नाही. पण पत्नी विचारते, ‘विजेचे बिल?’ पती चपला घालता घालता सांगतो, ‘परवा.’ तिला वाटते, भरून झाले. त्याच्या मनात असते, भरायचे आहे. चार दिवसांनी दोघेही एकमेकांस बेजबाबदार ठरवितात. वास्तविक दोघांपैकी खोटे कोणीच बोललेले नसते.

दुसरा प्रसंग माझ्याच घरचा, गेल्या पावसाळ्यातला. अम्मीला दम्याचा विकार आहे. सकाळी मी शाळेला निघालो असता पत्नी म्हणाली, ‘अम्मींचा पंप संपत आलाय.’ मी ‘बरं’ म्हणालो. मला ती नुसती माहिती वाटली. ती तर मला काम सांगत होती. माझ्या ‘बरं’चा अर्थ ‘ऐकले’ एवढाच; तिने तो ‘आणतो’ असा घेतला. रात्री दोनच्या सुमारास अम्मीचा श्वास कोंडला, पंप रिकामा निघाला आणि भर पावसात रिक्षा शोधून दवाखाना गाठावा लागला. खुदाच्या मेहेरबानीने अम्मी सावरली. पुढे दोन दिवस आम्हां दोघांत अबोला होता. ‘मी सांगितले होते,’ हे तिचे म्हणणे; ‘आणा असे म्हणाली नव्हतीस,’ हे माझे.

असे का होते? स्टॅनफर्ड विद्यापीठात १९९० साली एलिझाबेथ न्यूटन यांनी एक मजेदार प्रयोग केला. एकाने ओळखीचे गाणे बोटांनी टेबलावर वाजवायचे, दुसऱ्याने ते ओळखायचे. निम्मी गाणी तरी ओळखली जातील, असा वाजविणाऱ्यांचा अंदाज होता. १२० पैकी ओळखली गेली अवघी ३! वाजविणाऱ्याच्या मनात पुरती चाल घुमत असते; ऐकणाऱ्यास मात्र नुसती टकटक ऐकू येते. ‘पंप संपत आलाय’ हीसुद्धा तशीच टकटक होती.

कोणी म्हणेल, परक्याचे ठीक, नवरा-बायकोला एकमेकांच्या मनातले कळत नाही काय? अमेरिकेतील केनेथ सॅविट्स्की, बोअझ कायसर प्रभृती संशोधकांनी २०११ साली हेच तपासले. त्यांनी २४ जोडप्यांना पाठीला पाठ लावून बसविले आणि रोजच्या बोलण्यातील दुहेरी अर्थाची वाक्ये बोलावयास सांगितली. जोडीदाराला अर्थ परक्यापेक्षा चांगला कळेल, अशी बोलणाऱ्यांची खात्री होती. प्रत्यक्षात जोडीदारांना तो परक्यांहून अधिक कळला नाही. म्हणजे जवळीक वाढली की समज वाढतेच असे नाही. समजल्याचा भरवसा मात्र वाढतो. परक्याशी आपण जपून, उलगडून बोलतो. आपल्या माणसाशी निष्काळजीपणे बोलतो.

त्यात आपल्या घरांची रीत. वडीलधाऱ्यांसमोर पती-पत्नींनी सरळ बोलू नये, म्हणून ‘बाबांना विचार, जेवायला वाढू का?’ असा निरोप मुलाकरवी जातो. शिवाय ‘सांगावे लागले तर माया कसली?’ ही समजूत. ती गोड आहे, पण महागात पडते.

उपाय अवघड नाही. काम सांगताना काय, कोणी आणि केव्हा, हे तिन्ही सांगावे. उत्तर देणाऱ्याने नुसते ‘बरं’ किंवा ‘बघू’ न म्हणता आपण काय करणार ते बोलावे. आणि रागावण्यापूर्वी एकदा विचारावे, ‘तुला काय म्हणायचे होते?’ वर्गात मी मुलांना रोज बजावतो, ‘उत्तर पूर्ण वाक्यात लिहा.’ घरी हा धडा मी उशिरा शिकलो. आता पत्नी म्हणते, ‘येताना पंप घेऊन या’. मी म्हणतो, ‘आज संध्याकाळी आणतो.’ चार शब्द अधिक खर्च होतात. पण अम्मीच्या उशाशी आता भरलेला पंप असतो.